कावळा बसला म्हणून फांदी मोडली?

नवी रॅम बसवली, नवे ग्राफिक्स कार्ड लावले आणि त्याच आठवड्यात संगणक अधूनमधून बंद पडू लागला. दोष नेमका कोणाचा, हे शोधण्याची एक पद्धत आहे आणि ती डॉक्टरांच्या रोगनिदानाच्या फार जवळची आहे.

घरातला पाच-सहा वर्षांचा डेस्कटॉप संथ झाला, की नवा घेण्याआधी आहे त्यालाच थोडे बळ द्यावे, असा विचार आपल्याकडे बहुतेक घरांत होतो. ८ जीबी रॅमच्या जोडीला आणखी ८ जीबी, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, मुलीच्या ॲनिमेशनच्या किंवा कॅडच्या अभ्यासासाठी ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा अनेकांना हा हिशेब पुन्हा मांडावा लागला. विचार चांगलाच आहे. पैसे वाचतात आणि चालते यंत्र भंगारात जात नाही.

अडचण पुढे येते. दुकानातून आलेला संगणक दोन दिवस छान पळतो. तिसऱ्या दिवशी काम चालू असताना पडदा निळा होतो, कधी यंत्र काहीही न सांगता पुन्हा सुरू होते, कधी माउसचा बाण जागच्या जागी गोठतो. पुन्हा सुरू केले की सगळे ठीक. मग दोन दिवसांनी तेच. दुकानात नेले की तिथे शहाण्यासारखा चालतो. दुखरा दात दवाखान्याच्या पायरीवर दुखायचा थांबावा, तसा हा प्रकार. शेवटी दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून बघू." फॉरमॅट मारला जातो, पाचशे-हजार रुपये जातात आणि चौथ्या दिवशी पडदा पुन्हा निळा होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

वेळ हा धागा, पुरावा नव्हे

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण म्हणतो. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असे धरून चालू नये, हा त्यातला बोध. वैद्यकशास्त्राचा या प्रश्नाशी रोजचा संबंध आहे. लस घेतल्यानंतरच्या आठवड्यात जे जे घडते, ते सगळे लशीमुळे झालेले नसते. पण काही गोष्टी खरोखरच तिच्यामुळे होतात, म्हणून तर नीट तपास करावा लागतो.

संगणकातही तसेच. नवा भाग बसवल्यावर बिघाड सुरू झाला, तर पाच शक्यता समोर ठेवाव्यात. पहिली, नवा भागच सदोष आहे. दुसरी, नवा भाग आणि जुना भाग दोन्ही निरोगी आहेत, पण त्यांचे एकमेकांशी जमत नाही. तिसरी, दोष आधीपासून होता, वाढलेल्या भाराने तो उघड झाला. चौथी, भाग बसवताना एखादी केबल सैल राहिली किंवा एखादी पट्टी नीट बसली नाही. पाचवी, निव्वळ योगायोग. रॅम मार्चमध्ये बसवली आणि एप्रिलमध्ये ऊन तापले, किंवा त्याच आठवड्यात विंडोजचे अपडेट आले, अशा वेळी दोषी कोणी तिसराच असू शकतो.

या पाचांपैकी फक्त पहिल्या शक्यतेत नवा भाग बदलून उपयोग होतो. आपण मात्र पहिली शक्यता खरी धरूनच दुकानाची पायरी चढतो.

एकदा पडला तर सोडून द्या, दुसऱ्यांदा पडला तर नाही

संगणक एकदाच बंद पडला आणि पुन्हा कधीच नाही, असे घडू शकते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. ८ जीबी रॅममध्ये असे सुमारे ६,८७० कोटी कप्पे असतात. त्यातला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. इतक्या नाजूक कप्प्यावर बाहेरून एखादा ऊर्जावान कण आदळला, तर शून्याचा एक होऊ शकतो.

ही कल्पना नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या आवरणातील युरेनियम आणि थोरियमच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण मेमरीतले बिट उलटवतात. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळेही असे होते. बेल्जियममध्ये मे २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक या ठिकाणी एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जास्त दाखवली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट उलटल्यावर पडावा तेवढा फरक. यंत्रे आणि प्रणाली तपासूनही दुसरे कारण सापडले नाही, म्हणून संशय वैश्विक किरणांवर गेला.

पण वैश्विक किरण एकाच घरात दर दोन दिवसांनी येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख वैयक्तिक संगणकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांत किमान तीस दिवसांइतका प्रोसेसरचा वापर झालेल्या यंत्रांमध्ये, प्रोसेसरशी संबंधित दोषामुळे यंत्र बंद पडण्याची शक्यता १९० मध्ये एक होती. मात्र एकदा असे घडलेल्या यंत्रात ते पुन्हा घडण्याची शक्यता ३.३ मध्ये एक, म्हणजे जवळपास तीस टक्के होती. अर्थ स्पष्ट आहे. हार्डवेअरमुळे एकदा बंद पडलेले यंत्र पुन्हा बंद पडण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, कारण अशा बिघाडांमागे बहुधा एखादा कायमचा, पण अधूनमधून डोके वर काढणारा दोष असतो.

गुगलच्या सर्व्हरवरील रॅमचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गुगलचे दोन संशोधक त्याचे लेखक होते. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांमध्ये किमान एक दुरुस्त होण्याजोगी चूक नोंदली गेली होती आणि चुकांचे मूळ आकाशातल्या कणांपेक्षा पट्टीतल्या पक्क्या दोषात असण्याकडे पुरावा झुकत होता. सर्व्हरमध्ये अशी एका बिटची चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. त्यात दर ६४ बिटांमागे ८ बिट फक्त तपासणीसाठी ठेवलेले असतात. आपल्या घरच्या संगणकात सहसा ही सोय नसते. तिथे चूक झाली तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

आधी रुग्ण स्थिर करा

म्हणूनच पहिले काम दोष शोधण्याचे नाही, डेटा वाचवण्याचे आहे. रॅम सदोष असेल तर संगणक बंद पडणे हा त्यातल्या त्यात बरा परिणाम आहे, कारण तो निदान दिसतो. न दिसणारा परिणाम जास्त वाईट. तुम्ही फाइल सेव्ह करता, ती रॅममधून डिस्कवर जाते आणि वाटेत एखादा बिट बदललेला असतो. प्रबंधाचे एक प्रकरण, दुकानाची वर्षभराची खातेवही, लग्नाचे फोटो, दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी यांपैकी काहीही असे हळूहळू किडू शकते आणि ते कळते महिन्यांनंतर.

यात एक सापळा आहे. घाबरून त्याच आजारी यंत्रावरून बॅकअप घ्यायचा आणि जुन्या, चांगल्या बॅकअपवरच तो लिहायचा, असे करू नये. जुना बॅकअप आहे तसा बाजूला ठेवावा. नवी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. शक्य असेल तर संगणकातली डिस्क काढून दुसऱ्या निरोगी यंत्राला जोडून प्रत घ्यावी. हे होईपर्यंत त्या यंत्रावर महत्त्वाचे काम करू नये. फॉरमॅट तर मुळीच मारू नये, कारण खराब रॅमवर विंडोज पुन्हा टाकले तर नव्या विंडोजच्या फाइलीही बिघडलेल्या उतरू शकतात.

तापाचा तक्ता

डॉक्टर आधी विचारतात, ताप कधी येतो, किती चढतो, उतरतो कसा. संगणकासाठी तसाच तक्ता करावा. एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते, खोलीत उकाडा होता का, वीज गेली-आली होती का, पडद्यावर काय संदेश आला. संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा. विंडोजमध्ये "रिलायबिलिटी मॉनिटर" नावाची सोय असते, ती कोणत्या दिवशी काय बिघडले आणि काय नवे बसवले, हे तारखेनुसार दाखवते. "इव्हेंट व्ह्यूअर"मध्ये त्याहून तपशीलवार नोंदी असतात.

लक्षणांवरून दिशा कळते. प्रत्येक वेळी वेगळाच निळा संदेश येत असेल, वेगवेगळे प्रोग्रॅम कारण नसताना बंद पडत असतील, तर संशय रॅमवर जातो. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंगसारखे जड काम सुरू होताच यंत्र निळा पडदाही न दाखवता गप्पकन बंद होत असेल, तर वीजपुरवठा पाहावा. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर आणि मुख्यतः दुपारी बंद पडत असेल, तर उष्णता. झोपेतून जागे होताना किंवा एकाच ठरावीक प्रोग्रॅममध्ये अडत असेल, तर ड्रायव्हर.

मात्र संदेश म्हणजे निदान नव्हे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद दिसली, की अनेक जण एसएमपीएस बदलतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. ताप येऊन गेला, इतकीच ती माहिती. याचे एक मोठे उदाहरण अलीकडचेच आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत आणि पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी कमी पडल्याचा संदेश येई. साहजिकच लोकांचा संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. दोष प्रोसेसरमध्ये होता. जास्त व्होल्टेजमुळे त्याच्यातला एक भाग हळूहळू झिजत होता. २०२४ मध्ये इंटेलने कारण जाहीर केले, व्होल्टेज आवरणारे अपडेट दिले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते मात्र अपडेटने बरे होणारे नव्हते.

रॅमची परीक्षा

रॅमपासून सुरुवात करावी, कारण ही तपासणी फुकट आहे. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे रॅम काढायची, सोनेरी पट्टा खोडरबराने घासायचा आणि परत बसवायची. यात तथ्य आहे, पण श्रेय खोडरबराला जास्त मिळते. पट्टी काढून पुन्हा दाबून बसवताना संपर्कबिंदू एकमेकांवर घासले जातात, साचलेला थर निघतो आणि जोड पक्का होतो. तेवढे बहुधा पुरते. सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, तो खोडरबराने दर वेळी घासला तर झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. पुसायचेच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड चांगले. पट्टी बसवताना कडेची खीळ "टक" आवाज करून बसली पाहिजे.

त्याआधी यंत्राचा प्लग काढावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवावा. कोरड्या थंडीत, विदर्भ-मराठवाड्यात विशेषतः, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. आपल्याला चटका जाणवतो तेव्हा अंगावर काही हजार व्होल्टचा भार असतो. चिपला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी पुरतो.

मग वेग. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा पुष्कळदा मूळ मानकापेक्षा जास्त असतो. तो मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचे सेटिंग चालू करतात. डीडीआर४ रॅमचे मूळ व्होल्टेज १.२, या सेटिंगमध्ये ते बहुधा १.३५ होते. म्हणजे पट्टी तिच्या सहज चालीपेक्षा जोरात पळवली जाते. जुन्या आणि नव्या, वेगवेगळ्या बनावटीच्या पट्ट्या एकत्र असतील किंवा चारही स्लॉट भरले असतील, तर हा जोर झेपत नाही. ते सेटिंग बंद करून पाहावे. वेग थोडा घटेल, पण बंद पडणे थांबले तर निदान झाले: दोन्ही पट्ट्या निरोगी आहेत, त्यांना एका वेगाने पळवणे जमत नाही.

तरीही थांबले नाही, तर मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून यंत्र सुरू करावे आणि रात्रभर चालू ठेवावे. तो विंडोजशिवाय चालतो, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. एक जरी चूक दिसली तरी ती खरी मानावी. इथे "थोडी साखर वाढली आहे, चालेल" असा प्रकार नसतो. उलट एकही चूक दिसली नाही, तर रॅम निर्दोष सुटली असे मात्र नाही. रक्ताची काही तपासण्यांबाबत डॉक्टर जे सांगतात तेच इथे लागू आहे: सकारात्मक निष्कर्ष पक्का, नकारात्मक निष्कर्षाने फक्त संशय कमी होतो.

चूक सापडली तर पुढचा प्रश्न, दोष पट्टीत की स्लॉटमध्ये? दोन्ही पट्ट्या काढून एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये तपासावी, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. पट्टी कोणतीही असो, चूक एकाच स्लॉटला चिकटून राहिली तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरचा मेमरी सांभाळणारा भाग. दोन्ही पट्ट्या एकेकट्या उत्तम आणि एकत्र आल्या की भांडतात, तर प्रश्न जुळणीचा. पुष्कळदा या परीक्षेत नवी पट्टी पास होते आणि जुनी नापास. आधी ८ जीबीमधला जो कोपरा क्वचित वापरला जात होता, तो आता मेमरीची मांडणी बदलल्यामुळे रोज वापरात येतो आणि जुने दुखणे वर येते.

वीज आणि ऊन

ग्राफिक्स कार्ड लावल्यावर बिघाड सुरू झाला असेल, तर एसएमपीएसवरचे लेबल नीट वाचावे. मोठ्या अक्षरातला वॉटचा आकडा बाजूला ठेवून १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. समजा ४५० वॉट छापले आहे, पण १२ व्होल्टवर १८ अँपिअर आहेत. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच वाटेने वीज घेतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॉट. दोन्ही वापरणारे कार्ड एकटेच या २१६ वॉटचा फडशा पाडू शकते.

शिवाय आधुनिक कार्डांची भूक क्षणाक्षणाला बदलते. सरासरी २०० वॉट खाणारे कार्ड सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरते त्याहून कितीतरी जास्त ओढते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने म्हणूनच नव्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलावा, अशी अपेक्षा ठेवली. जुना एसएमपीएस त्या हिसक्याला व्होल्टेज टाकतो किंवा स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्यातले कपॅसिटरही वयोमानाने थकलेले असतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे.

यूपीएसचाही हिशेब करावा. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता ३६० वॉटच्या आसपास असते. नव्या कार्डानंतर वीज जाताच संगणकही जात असेल, तर दोष संगणकाचा नाही.

इथे दोन गोष्टी जिवाच्या आहेत. एक, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. त्याचा संगणक बंद पडण्याशी संबंध असो वा नसो, इलेक्ट्रिशियनला आधी बोलवावे. दोन, एसएमपीएस घरी उघडू नये. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

आता ऊन. २०० वॉटचे कार्ड म्हणजे जुन्या काळच्या शंभर वॉटच्या दोन दिव्यांइतकी उष्णता बंद पेटीत. खोलीचे तापमान जानेवारीत २५ अंश आणि मे महिन्यात ४० असेल, तर आतल्या प्रत्येक भागाच्या तापमानात जवळपास तेवढीच, म्हणजे १५ अंशांची भर पडते. बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास वेग कमी करून स्वतःला सांभाळतात आणि त्यापुढे बंद होतात. याची परीक्षा सोपी आहे. कॅबिनेटची बाजूची झडप काढा, समोर टेबलफॅन लावा आणि तेच जड काम करून पाहा. फरक पडला, तर रॅम-कार्ड काहीही बदलायचे नाही. धूळ काढायची, पंखा तपासायचा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायची.

विंडोज आणि ड्रायव्हर यांचा दोष ओळखण्यासाठीही एक साधी युक्ती आहे. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स घ्या आणि त्यावर काही तास यंत्राला कामाला लावा. तिथेही ते बंद पडले, तर विंडोज आणि त्याचे ड्रायव्हर बहुधा निर्दोष आहेत आणि फॉरमॅटचे पैसे वाचले. बायोसचे अपडेट कधीकधी रॅमच्या जुळणीचा प्रश्न सोडवते, पण वारंवार बंद पडणाऱ्या यंत्रावर ते जपून करावे. अपडेट अर्ध्यात तुटले तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

"आता बरा झाला" हे कधी म्हणायचे?

या सगळ्यात एक नियम पाळला पाहिजे: एका वेळी एकच बदल. रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, फॉरमॅटही मारला आणि यंत्र बरे झाले, तर आनंद होतो, पण कशाने झाले ते कळत नाही. तीन औषधे एकदम दिल्यावर गुण कशाचा, हे सांगता येत नाही तसे. उरलेल्या दोन भागांचे पैसे वाया गेलेले असतात आणि चांगला भाग भंगारात.

दुसरा प्रश्न किती वाट पाहायची हा. समजा संगणक सरासरी दर दोन दिवसांनी, पण कोणत्याही ठरावीक वेळी नव्हे, असा बंद पडतो. तुम्ही एक बदल केला आणि दोन दिवस तो नीट चालला. बरा झाला का? संभाव्यतेचे गणित सांगते, की काहीही दुरुस्त झालेले नसतानाही असे दोन दिवस सुखाने जाण्याची शक्यता ३७ टक्के आहे. चार दिवसांची सुमारे साडेतेरा टक्के. सहा दिवसांची पाच टक्के. म्हणजे बिघाडांमधल्या सरासरी अंतराच्या तिप्पट काळ, नेहमीच्याच वापरात, तो न पडता चालला, तरच उपाय लागू पडला असे बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येते.

हाच तिपटीचा नियम वैद्यकातही आहे. १९८३ मध्ये हॅन्ली आणि लिपमन-हँड यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो डॉक्टरांसाठी मांडला. एखादे औषध ३०० जणांना दिले आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी धोका शून्य आहे असे म्हणता येत नाही. तो १०० मध्ये एक इतका असू शकतो, कारण तीन भागिले तीनशे. काहीच वाईट घडले नाही, यावरून किती निश्चिंत व्हायचे, याचे हे माप आहे. दुकानदाराने अर्धा तास यंत्र चालवून दाखवले आणि "बघा, चालतोय" म्हटले, तर या मापाने ते काहीच सिद्ध करत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्याकडे सहा दिवस नसतात. ते तुमच्याकडे असतात.

म्हणून दुरुस्तीला जाताना वही सोबत न्यावी. "मध्येच बंद पडतो" असे सांगण्याऐवजी, "एक्सएमपी बंद केले तरी पडतो, जुनी पट्टी एकटी लावली की मेमटेस्टमध्ये चुका येतात, नवी एकटी लावली की येत नाहीत" असे सांगितले, तर समोरच्या कारागिराचे निम्मे काम झालेले असते. वॉरंटीचा दावाही अशा नोंदींनी सोपा होतो. आणि निदान पुरे होईपर्यंत जुना भाग बदल्यात देऊन टाकू नये. तो हाताशी असेल, तरच जुन्या स्थितीत परत जाऊन तुलना करता येते.

दोष सापडून दूर झाला, की शेवटचे एक काम उरते. आजारपणाच्या दिवसांत जे लिहिले, साठवले, कॉपी केले, ते तपासायचे. विंडोजमध्ये आपल्या मूळ फाइली तपासून दुरुस्त करणारी सोय आहे, ती एकदा चालवावी. आपल्या फाइलींसाठी मात्र अशी सोय नसते. त्या काळातले फोटो, हिशेब, लेख एकेक करून उघडून पाहावेत आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या बॅकअपशी ताडून घ्यावेत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या फाइली पाहायच्या, ते वहीत लिहिलेले असतेच.